घड्याळ न लावलेला वेग

आपल्याकडे मराठीच्या अध्यापकांच्या खोलीत मोटारगाडीचा विषय निघतो तो कर्जाचे हप्ते, इंधनाचे दर आणि गाडी लावायला जागा न मिळणे, एवढ्यापुरताच. गाडी ही वाचण्याची, समजून घेण्याची वस्तू आहे असे कुणी म्हटले, तर त्याच्याकडे किंचित संशयाने पाहिले जाते. आम्हीही अनेक वर्षे त्याच पंगतीत होतो. म्हणून या लेखाचा विषय पाहून वाचकांच्या भुवया उंचावल्या, तर त्यात आश्चर्य नाही. रस्त्यावर चालवण्यासाठी बनलेली तीस-पस्तीस वर्षांपूर्वीची एखादी छोटी स्पोर्ट्स कार शर्यतीच्या बंदिस्त मार्गावर हौसेने पळवण्यासाठी सिद्ध करणे, या उद्योगाबद्दल आम्हांला येथे काही म्हणायचे आहे. आमचे मत आरंभीच सांगून टाकतो. या उद्योगात लक्ष देण्याची एक शिस्त आहे आणि ती शिस्त साहित्याच्या अध्यापनातून झपाट्याने हद्दपार होत आहे. तिच्या हद्दपारीला आम्हीही हातभार लावला आहे.

प्रथम हा प्रकार काय आहे ते सांगायला हवे. इंग्लंडमध्ये त्याला ‘ट्रॅक डे’ म्हणतात. गुडवुड, सिल्व्हरस्टोन, कॅसल कूम ही तिथली प्रसिद्ध वर्तुळे मुळात दुसऱ्या महायुद्धातील विमानतळ होती. युद्ध संपल्यावर धावपट्ट्यांभोवतीचे रस्ते मोकळे पडले आणि १९४८ ते १९५० या काळात तेथे शर्यती सुरू झाल्या. (आपल्याकडे मद्रासजवळच्या शोलावरमच्या जुन्या धावपट्टीवरही पुढे असेच घडले. १९९० मध्ये इरुंगट्टुकोट्टई येथे स्वतंत्र मार्ग तयार झाला.) शर्यती नसतात त्या दिवशी ठराविक शुल्क भरून सामान्य माणसाला आपली गाडी या मार्गांवर चालवता येते. शिरस्त्राण घालावे लागते. सकाळी सर्वांना एकत्र बसवून सूचना दिल्या जातात. पिवळे निशाण म्हणजे पुढे धोका, ओलांडायचे नाही. निळे म्हणजे मागे वेगवान गाडी आहे, तिला वाट द्या. लाल म्हणजे सर्वांनी सावकाश परत या. पुढच्या गाडीला ओलांडायचे तर ठरलेल्या बाजूनेच, सरळ पट्ट्यावर, आणि तिच्या चालकाने वाट दिल्यावरच.

या सर्व नियमांत आम्हांला थक्क करणारा नियम एकच होता. तेथे घड्याळ लावता येत नाही. फेरीला किती सेकंद लागले याची नोंद करणे बहुतेक आयोजक निषिद्ध मानतात. वेळ मोजली की ती स्पर्धा ठरते, आणि स्पर्धा ठरली की विम्याचे, परवान्याचे, जबाबदारीचे सगळे गणित बदलते. कारण असे रूक्ष व्यावहारिक आहे. परंतु त्याचा परिणाम मात्र विचार करण्याजोगा आहे. येथे कुणी पहिला येत नाही आणि कुणी शेवटचाही येत नाही. संध्याकाळी कुणालाही पदक मिळत नाही. तरीही एका दिवसासाठी माणसे महिनोन्‌महिने तयारी करतात.

ही तयारी आम्ही जवळून पाहिली ती २०२३ च्या उन्हाळ्यात. आमचा एक माजी विद्यार्थी इंग्लंडच्या मध्य भागात अभियंता म्हणून नोकरी करतो. अकरावी-बारावीला विज्ञान शाखेत असताना तो आमच्याकडे मराठी शिकला होता. आम्ही दोघे दोन आठवडे त्याच्या घरी उतरलो होतो. घराच्या बाजूच्या अरुंद गॅरेजमध्ये १९९१ सालची एक लाल माझ्दा एमएक्स-५ जॅकवर उभी होती.

या गाडीचा इतिहास थोडक्यात सांगणे आवश्यक आहे. फेब्रुवारी १९८९ मध्ये शिकागोच्या मोटार प्रदर्शनात ती प्रथम जगासमोर आली. साठच्या दशकातील इंग्रजी छोट्या उघड्या गाड्या, विशेषतः १९६२ ची लोटस एलान, हा तिचा उघड आदर्श होता. त्या इंग्रजी गाड्या सुंदर होत्या, पण तेल गळणाऱ्या आणि भरवशाच्या नसलेल्या. जपानी अभियंत्यांनी त्यांचे गुण घेतले आणि दोष वगळले. वजन हजार किलोहून कमी, १.६ लिटरचे इंजिन, शक्ती सुमारे ११५ अश्वशक्ती. आजच्या मापाने हे आकडे अगदीच साधे आहेत. परंतु घोडा आणि स्वार एकरूप व्हावेत, हे ‘जिनबा इत्ताई’ या जपानी शब्दांनी व्यक्त होणारे सूत्र निर्मात्यांनी समोर ठेवले होते. १९९७ पर्यंत या पहिल्या पिढीच्या चार लाखांहून अधिक गाड्या बनल्या. त्यामुळे त्या आजही सापडतात, त्यांचे सुटे भाग मिळतात, आणि हौशी चालकांच्या जगात त्यांना मानाचे स्थान आहे.

अशी गाडी मार्गावर नेण्यासाठी सिद्ध करायची म्हणजे काय? नवख्या माणसाचे उत्तर ठरलेले असते : इंजिनाची ताकद वाढवायची. आमच्या विद्यार्थ्याचेही प्रथम तेच उत्तर होते. टर्बो बसवायचा त्याचा विचार पक्का झाला होता, पैसेही बाजूला काढले होते. त्याच्या शेजारी राहणाऱ्या एका वृद्ध, निवृत्त मेकॅनिकने त्याला एवढेच विचारले, “ती थांबते का नीट?” या एका प्रश्नाने त्याच्या कामाचा क्रम उलटा झाला.

हा क्रम मुळातून समजून घेण्यासारखा आहे. चालकासह अकराशे किलोची गाडी ताशी १६० किलोमीटरवरून ८० वर आणायची, तर तिची तीन-चतुर्थांश गतिज ऊर्जा काढून टाकावी लागते, कारण ऊर्जा वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात बदलते. हिशेब केला तर ही ऊर्जा आठ लाख ज्यूलहून थोडी अधिक भरते. म्हणजे सुमारे अडीच लिटर साधे पाणी उकळीला आणण्याइतकी उष्णता, अवघ्या तीन सेकंदांत, चार चाकांच्या ब्रेकमध्ये निर्माण होते. घरगुती रस्त्यावर असे दिवसातून एखादे वेळी घडत असेल. मार्गावर ते प्रत्येक फेरीत अनेकदा घडते, आणि दोन वळणांच्या मध्ये ब्रेक निवायला वेळ मिळत नाही. म्हणून पहिली बाब अधिक उष्णता सोसणारे ब्रेक पॅड. दुसरी, आपण सर्व जण ज्याला ‘ब्रेक ऑईल’ म्हणतो तो द्रव. वस्तुतः ते तेल नव्हेच. तो हवेतील ओलावा शोषून घेणारा द्रव असतो. ‘डॉट ४’ प्रतीच्या ताज्या द्रवाचा उत्कलनबिंदू किमान २३० अंश सेल्सियस असावा लागतो. त्याच द्रवात पाणी मुरले की ही मर्यादा १५५ अंशांपर्यंत उतरू शकते. द्रव उकळला की त्यात वाफेचे बुडबुडे होतात, वाफ दाबली जाते, आणि पायाखालचे पेडल तळाशी टेकते. गाडी मात्र थांबत नाही.

यानंतर टायर. टायरच्या कडेवर चार आकडी खूण असते. पहिले दोन आकडे आठवड्याचे, पुढचे दोन वर्षाचे. ‘२३१५’ म्हणजे २०१५ सालचा तेविसावा आठवडा. वरून नवाकोरा दिसणारा टायर दहा वर्षांचा म्हातारा असू शकतो, आणि रबर कडक झाले की त्याची पकड जाते. मग थंडावा. या गाडीचे इंजिन मूळ माझ्दाच्या पुढच्या चाकांनी ओढल्या जाणाऱ्या साध्या गाडीच्या कुळातले. तेथे ते आडवे बसत असे, येथे उभे बसवले. त्या बदलात पाणी बाहेर पडण्याची वाट पुढच्या टोकाला आली. परिणामी मागच्या सिलिंडरांपर्यंत थंडावा कमी पोहोचतो. रस्त्यावर हे कधी जाणवत नाही, मार्गावर जाणवू शकते. म्हणून कित्येक जण पाण्याची वाट पुन्हा मागून काढतात. मग जुने होस पाइप, टायमिंग बेल्ट, चाकांची बेअरिंग, सांध्यांतले रबरी बुश. इंग्लंडच्या ओल्या हवेत आणि हिवाळी रस्त्यांवरच्या मिठात दाराखालचा पत्रा आतून सडतो, म्हणून तोही ठोकून पाहायचा. गाडी उघडी असल्याने डोक्यामागे पोलादी कमान बसवायची, आणि शिरस्त्राण घातलेले डोके कमानीच्या माथ्यापासून समोरच्या काचेच्या वरच्या कडेपर्यंत ताणलेल्या रेषेच्या खाली राहते ना, हे एक काठी आडवी धरून पाहायचे. ताकदीचा विचार यानंतर, आणि अनेकदा तो करावासाच वाटत नाही.

आमच्या विद्यार्थ्याने एवढे सगळे केले. केवळ ब्रेकचा द्रव बदलला नाही, कारण गाडी विकणाऱ्याने तो नुकताच बदलल्याचे सांगितले होते. पहिल्याच दिवशी, चौथ्या-पाचव्या फेरीत, पेडल मऊ लागू लागले. सुदैवाने त्याने ते ओळखले, वेग उतरवला आणि गाडी बाहेर काढली. आम्ही कठड्याशी उभे होतो. शिरस्त्राण काढून तो जवळ आला. चेहरा पांढराफटक पडला होता. म्हणाला, “सर, मॅडम, तुम्ही वर्गात सांगायचात ना, दुसऱ्याने केलेला सारांश वाचून उत्तर लिहू नका म्हणून? तेच केलं मी.”

त्या क्षणी आम्ही हसलो. पण परतीच्या विमानप्रवासात आणि नंतरही ते वाक्य आमच्या मनातून गेले नाही. साहित्यिकांनी मोटारगाडीबद्दल लिहिलेले नाही असे नाही. रोलाँ बार्थ यांनी १९५७ च्या ‘मिथॉलॉजीज’मध्ये सित्रोएन डीएस या गाडीवर लिहिलेला छोटा निबंध आपण पदव्युत्तर वर्गात उल्लेखतो. गाडीची तुलना गॉथिक कॅथीड्रलशी करणारा तो निबंध तेजस्वी आहे. परंतु बार्थ जिच्याकडे पाहतात ती प्रदर्शनातली गाडी आहे. लोक तिच्या पत्र्यावरून हात फिरवतात, आसनांवर बसतात. तिचे इंजिन तापत नाही, तिचे ब्रेक उकळत नाहीत. आपणही दसऱ्याला गाडीला झेंडूचा हार घालतो, हळदकुंकू वाहतो, आणि बॉनेट वर्षभर उघडत नाही. चिन्ह म्हणून वस्तू वाचणे आणि वस्तू म्हणून वस्तू वाचणे यांत फरक आहे. गेल्या दोन-तीन दशकांत आपल्या समीक्षेने पहिले वाचन भरपूर शिकवले. दुसरे मात्र आपण मेकॅनिककडे सोपवून मोकळे झालो. कवितेच्या बाबतीतही हेच झाले आहे. तिच्यामागची सत्ताकारणे सांगणारा विद्यार्थी भेटतो. तिच्या तिसऱ्या ओळीतले क्रियापद कोणत्या काळात आहे, हे पाहणारा क्वचित भेटतो.

आमच्या मते, ही तयारी म्हणजे एक प्रकारचे संहितावाचनच होय. गाडी बनवणाऱ्यांनी ती एका हेतूने रचली. मधल्या तीस वर्षांत अनेक हातांनी तीत पाठभेद केले. कुणी भलताच स्क्रू वापरला, कुणी तुटलेला भाग तारेने बांधला. आता ती एका नव्या प्रयोगासाठी उभी करायची आहे. येथे दोन टोकाची मते आढळतात. शुद्धतावादी म्हणतात, जुन्या गाडीला हात लावू नका, ती मूळ रूपात जपा. दुसरे म्हणतात, काढा सगळे, कापा, वेल्ड करा, आपल्याला फक्त वेग हवा. नाटकाच्या संहितेबद्दल आपण हाच वाद किती वर्षे घालत आलो आहोत! या गॅरेजांतल्या विचारी माणसांनी मात्र एक मधला मार्ग काढला आहे आणि तो आम्हांला अनुकरणीय वाटतो. बदल करायचा, पण शक्यतो परत फिरवता येईल असा. काढलेला मूळ भाग तेल लावून, चिठ्ठी बांधून खोक्यात ठेवायचा. काय बदलले, केव्हा, का, याची वही ठेवायची. आमच्या विद्यार्थ्याची अशी वही आम्ही पाहिली. त्याने ती मराठीत लिहिली आहे याचे आम्हांला अधिक अप्रूप वाटले. चांगल्या संपादकाची पाठचिकित्सा याहून वेगळे काय करते?

या मतावर आक्षेप घेता येतील आणि ते खोटे नाहीत. हा खर्चिक छंद आहे. एका दिवसात टायर आणि पॅड झिजतात, पेट्रोल जळते, आणि ज्या काळात हवामानाची चिंता प्रत्येक शहाण्या माणसाने करायची त्या काळात निव्वळ हौसेसाठी इंधन जाळणे समर्थनीय आहे का, हा प्रश्न आम्हांलाही पडतो. मार्गाशेजारच्या गावांना आवाजाचा त्रास होतो. म्हणूनच गाडी आत सोडण्यापूर्वी तिच्या नळकांड्याचा आवाज यंत्राने मोजतात आणि मर्यादेबाहेरच्या गाडीला परत पाठवतात. धोका तर आहेच. आम्ही या छंदाची जाहिरात करत नाही, आणि आमच्या पगारात व वयात तो आम्ही करणारही नाही. रॉबर्ट पिर्सिग यांच्या १९७४ च्या मोटरसायकलवरच्या प्रसिद्ध पुस्तकाच्या वाटेने जाऊन यंत्रदुरुस्तीला अध्यात्म बनवण्याचीही आमची इच्छा नाही. ब्रेकचा द्रव बदलल्याने मोक्ष मिळत नाही. गाडी थांबते, इतकेच. आमचा मुद्दा तेवढ्या ‘इतकेच’पुरता आहे.

‘हौशी’ हा शब्द आपल्याकडे दुधारी झाला आहे. हौसेला मोल नाही असे आपण म्हणतो, आणि त्याच तोंडाने ‘हौशी’ म्हणजे कच्चा, अर्धवट, असेही म्हणतो. परंतु त्या गॅरेजमधली हौस कच्ची नव्हती. मोबदला नसल्यामुळे ती सैल झाली नव्हती, उलट अधिक काटेकोर झाली होती. फेरी संपवून आत आल्यावर हँडब्रेक ओढायचा नाही, कारण तापलेले पॅड तबकडीला चिकटून बसतील. गाडी गिअरमध्ये ठेवायची. टायर गरम असतानाच हवा मोजायची, कारण तापल्यावर दाब वाढतो. चाकांचे नट टॉर्क पान्याने पुन्हा तपासायचे. हे करताना त्याला कुणी पाहत नव्हते आणि कुठे नोंदही होत नव्हती. वेळ मोजता येत नसल्यामुळे सुधारणा झाली की नाही, हे त्याला एकाच मार्गाने कळत होते. तेच वळण आता अधिक शांतपणे घेता येते का?

येथे आम्हांला आमच्याबद्दल बोलावे लागेल. आमच्या विभागात दर शनिवारी दुपारी एक वाचनमंडळ भरत असे. एक पुस्तक, दोन महिने, पाने मोजत वाचायचे. त्याला परीक्षा नव्हती, हजेरी नव्हती, प्रमाणपत्र नव्हते. दहा-बारा मुले येत. ते चौदा वर्षे चालले. २०१० नंतर अध्यापकांच्या कामाची गुणांकांत मोजदाद सुरू झाली. प्रत्येक चर्चासत्राला, प्रत्येक शोधनिबंधाला आकडा लागला. शनिवारच्या दुपारीला कोणताच आकडा लागत नव्हता. आम्हांला ते मंडळ बंद करा असे कुणीही सांगितले नाही. आम्हीच प्रथम ते पंधरवड्याने घेऊ लागलो, मग महिन्याने, आणि मग एका जूनमध्ये ते सुरूच केले नाही. त्या दुपारी आम्ही शोधनिबंध लिहिले. त्यांतले काही आज आम्हांलाही वाचवत नाहीत. इंजिनाची ताकद वाढली, आकडे वाढले. थांबते का नीट, हे कुणी विचारले नाही, आणि आम्हीही स्वतःला विचारले नाही.

मोजमाप वाईटच असते असे आमचे म्हणणे नाही. उत्कलनबिंदूही मोजमापच आहे, टायरवरचे चार आकडेही मोजमापच आहेत, आणि ते न वाचणारा संकटात सापडतो. भेद आहे तो मोजमाप कशाचे, याचा. वस्तू जाणण्यासाठी केलेले मोजमाप आणि माणसाला रांगेत उभे करण्यासाठी केलेले मोजमाप, या दोन निराळ्या गोष्टी आहेत. त्या मार्गावर पहिले अनिवार्य आहे आणि दुसरे निषिद्ध. आपल्या महाविद्यालयांत नेमके उलटे झाले आहे. विद्यार्थ्याचे टक्के आणि अध्यापकाचे गुणांक दशांशापर्यंत काढले जातात, परंतु समोरची संहिता किती जुनी आहे, तिचे रबर कोठे कडक झाले आहे, ती कोणत्या उष्णतेला उकळते, याचे माप घ्यायला वेळ नसतो.

आमच्या विद्यार्थ्याने त्या संध्याकाळी द्रव बदलला. आमच्यापैकी एकाने पेडल दाबून धरायचे आणि त्याने चाकाशी बसून नळी उघडायची, “दाबा मॅडम”, “धरा”, “सोडा”, असे तासभर चालले. बाटलीत उतरलेला जुना द्रव काळपट तपकिरी होता. नंतर पेडल दगडासारखे घट्ट लागले. पुढच्या खेपेला त्याने दिवसभर गाडी चालवली, आणि टर्बोचे पैसे अजून बँकेतच आहेत, असे त्याने मागाहून कळवले.

येत्या सत्रापासून शनिवारची दुपार पुन्हा मोकळी ठेवायची, असे आम्ही ठरवले आहे. सूचनाफलकावर पुस्तकाचे नाव आणि खोलीचा क्रमांक एवढेच लिहू. हजेरीपत्रक ठेवणार नाही आणि अहवालही पाठवणार नाही. किती जण येतील हे सांगता येत नाही. चार आले तरी पहिल्या पानापासून, सावकाश, प्रत्येक सांधा तपासत वाचायला सुरुवात करू.